संडासाच्या गॅसवरची पुरणपोळी

आई, आपल्या बायकांची एक तक्रार मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली: चूल फुंकायची आम्ही, आणि ती कशी असावी हे ठरवायचं ज्यांनी कधी भाकरी थापली नाही त्यांनी. उद्या नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला विज्ञान आणि समाज या विषयावर बोलायचं आहे, आणि सकाळपासून डोळ्यांपुढे शेवगावकडचं आपलं स्वयंपाकघरच येतंय. गोबरगॅसचे साहेब नकाशा घेऊन आले होते. गॅस जास्त मिळावा म्हणून संडासही त्याच टाकीला जोडायचा, आणि पाइप वाचावा म्हणून संडास थेट स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेला. तू पदर सारखा करत म्हणालीस, जोडा खुशाल, पण गोठ्यापलीकडे न्या. इथं बांधलात तर गावातली एक बाई आमच्यात जेवायची नाही. साहेब वैतागले, पण पाइप लांबला.

मग टाकी सुरू झाल्यावर ताईला बघायला कर्जतचे पाहुणे आले. पंगत बसायच्या आधीच धाकट्या काकूनं मुलाच्या आईच्या कानात सांगितलं, ह्यांचा गॅस संडासाचा. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. दाराआड ताईचा चेहरा उतरला. जमत आलेलं लग्न मोडणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तुला नाही म्हणून सुटता आलं असतं.

"व्हय, त्योच गॅस हाय," तू म्हणालीस. "रानात शेनखत घालून त्याचाच गहू खाता की. ह्यो तर नुसता जाळ. आत या, वास येतो का बघा."

त्या आत आल्या, शेगडीवर वाकल्या. सवयीनं पदर डोळ्यांकडे गेला आणि तिथंच थांबला. पुसायला पाणीच आलं नव्हतं.

"धूर कसा न्हाई ओ?"

"न्हाईच."

"मग सरका, पोळ्या मी लाटते. आन् लेकीसंगं ही टाकी बांधनारा मानूस बी धाडा."

त्या दिवशी सगळ्यांत जास्त पोळ्या काकूनंच खाल्ल्या.

टाकीनं आपलं घर बदललं, असं सगळे म्हणतात. पण टाकीला घरात यायची वाट तू आखून दिलीस, हे मी उद्या मान ताठ करून सांगणार आहे. आणि त्या पोरापोरींना एकच मागणार आहे: यंत्राचा नकाशा काढायच्या आधी, ते ज्या घरात जाणार तिथं एक वेळ स्वयंपाकाला बसा.

हे पत्र वाचायला आता तू नाहीस, ते टेबलावरच राहील. एक मात्र कबूल करते. मी तासभर बोलते, टाळ्याही पडतात. पण तुझ्या बोलण्यावर त्या बाई उठून आत आल्या, तसं माझ्या भाषणानंतर अजून कुणी उठलेलं नाही.