वरून वाळलेली मूर्ती

पेण

प्रिय सिपोरा,

तुझी खुशाली विचारत नाही. रोह्याच्या एसटीतून उतरणारा जो तो मला ती सांगतोच. काल रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून मावशी येऊन गेली, तीही तुझाच जप करत. माझी आई तुझ्या वॉर्डात मजेत आहे म्हणे. गोळ्या वेळेवर घेते, तुझ्या हातची पेज पिते. ऐकून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अगं, मीही नर्सच आहे ना! तिच्या बोटात कोरणी घुसली, तेव्हा आमच्या डॉक्टरांना दाखवून कॅप्सूल मीच आणून दिल्या. कोर्स पुरा कर, म्हणून कानीकपाळी ओरडले. दोन दिवसांत सूज उतरली, तशा बाईंनी उरलेल्या कॅप्सूल आमच्या कारागीर गुणाजीला त्याच्या गळवासाठी देऊन टाकल्या. आमच्या गणपतीच्या कारखान्यात हीच रीत. उरलेलं औषध ब्रशांच्या डब्यात ठेवायचं, ज्याला लागेल त्याने घ्यायचं. मग ती मावशीकडे गेली आणि तिथे हात कोपरापर्यंत सुजला. तुमच्याकडे पू तपासला, तर त्या जंतूंना आता ती कॅप्सूल लागूच पडत नाही.

जंतू, रेझिस्टन्स, सगळं मी तिला पुस्तकातल्यासारखं सांगितलं होतं. तू काय सांगितलंस? मूर्ती वरून वाळली म्हणून लगेच रंगवता का, आत ओल असते ना? तसंच सूज उतरली तरी आत जंतू असतात. बस्स, पटलं तिला! मावशीला म्हणाली, "सिपोरा सांगते तसं आमच्या रंभीने कधी सांगलं नाय गो." शाडूच्या चिखलात वाढले मी, आणि हे सुचावं तुला! परीक्षेत तू कायम माझ्यापुढे असायचीस, ते सोसलं. हे नाही सोसवत.

रविवारी तिला डिस्चार्ज, मी न्यायला येणार होते. येत नाही, हे कळवायलाच लिहितेय. गोळ्या अजून आठवडाभर आहेत, आणि इथे मूर्तींचे डोळे आखायचे राहिलेत. घरी आली की ती ब्रश धरणार, गोळ्या डब्यात टाकणार. माझं ऐकायची नाही, आणि या खेपेला उजवा हातच जायचा. तुझं ऐकते. शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत तिला तुझ्या घरी ठेवून घे. रंभाची ड्युटी बदलली, म्हणून सांग. फक्त एक कर. बँडेजमुळे तिला स्वतःची वेणी घालता येत नसेल. ती तू घालू नकोस. मावशीला बोलाव.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
रंभा