मंगलाचा जास्तीचा शास्त्रपाठ

९ फेब्रु., रवि.
चर्चच्या मराठी उपासनेत आज शास्त्रपाठ मंगलाकडे, माझ्या बायकोकडे होता. आमचा आशिष गेल्यापासून पहिल्यांदाच वाचायला उभी राहिली. स्तोत्र नीट वाचलं. संपलं म्हणून मी बायबल मिटलं, तर ही त्याच सुरात पुढं, नजर पानावरच. ‘तुझा मुलगा माझ्याजवळ आहे, त्याला आता दुखत नाही, असे परमेश्वर म्हणतो.’ मग नेहमीप्रमाणे ‘हे प्रभूचे वचन.’ सगळी मंडळी म्हणाली, ‘देवाला धन्यवाद.’ इथं हिंदीत वाढलेल्या तरुणांना पुस्तकी मराठी कळत नाही, बाकीचे सवयीनं म्हणतात. मीही म्हणालो. मंडळीनं निवडलेला वडील, म्हणजे पंच, ना मी!

घरी जेवलो. चव लागली नाही. हल्ली लागतच नाही.

१० फेब्रु.
विचारलं. मं. म्हणाली, "सकाळी भांडे घासताना ऐकू येते मले. मनचं नाही सांगून राहिली मी." रडली नाही. मीही नाही. नव्या रायपूरच्या रस्त्यावर ट्रकनं पोराला उडवलं, तेव्हापासून दोघंही असेच. बधिर.

१२ फेब्रु.
मं. बाजारात असताना चर्चचे पाळक आले. ते वाक्य बायबलमधलं नाही, हे माझ्याखेरीज फक्त त्यांच्याच लक्षात आलं होतं. रागावले नाहीत. तुम्हीच समजावा म्हणाले.

प्रामाणिक माणूस. बायबलच्या शेवटच्या पानावर भर घालू नका अशी ताकीद आहे, ती खरं तर त्यातल्या शेवटच्या एका पुस्तकापुरती, हे स्वतःच म्हणाले. पण प्रेषितांनी, म्हणजे पहिल्या शिष्यांनी, प्रभूला डोळ्यांनी पाहिलं, त्यांची साक्ष हा पाया, आणि पाया एकदाच भरतात. देवाला सगळ्यांना जे सांगायचं ते पुत्राच्या द्वारे सांगून झालं. आज मंगलाताईंचं घेतलं तर उद्या कोणी म्हणेल, देवानं सांगितलंय, तुझं घर मला दे. त्याला नाही कशाच्या आधारावर म्हणायचं?

सगळं ठाऊक आहे. चर्चमधल्या पोरांच्या वर्गात हेच तर शिकवतो. पटतंही. पटून काही वाटलं मात्र नाही. चहा निवला.

१५ फेब्रु., शनि.
उद्याचा पाठही तिचाच. सांगणं भाग होतं. सांगितलं. मग देव आता बोलतच नाही का, म्हणाली. बोलतो, पण ते ज्याचं त्याला. मंडळीपुढं वचन म्हणून वाचायचं नाही. शास्त्र पूर्ण झालंय.

तिनं नळाखाली भांडं धरलं. मग, "आशूचं नाव कुठंच नाही त्यात. पूर्ण कसं म्हणता तुम्ही?"

वर्गात हे कोणी विचारलं नव्हतं. नळ चालू राहिला होता, तो बंद केला.

१६ फेब्रु., रवि.
जिथं पाठ संपतो तिथंच थांबली. पाळकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सुटलो असं वाटायला हवं होतं. परतताना गाडीवर मागं बसली होती, पण खांद्यावर हात नाही.

दुपारी तिवऱ्याची पालेभाजी निवडत बसली. मान वर न करता म्हणाली, "आजही ऐकू आलं. आता कोणाले सांगू?"

प्रार्थना करू, असं मंडळीच्या वडिलानं म्हणायला हवं. मी शेजारी बसून भाजी ओढून घेतली. म्हणालो, "मले सांग."

सांगू लागली. हे वचन नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आजही तसंच शिकवीन. पण ऐकताना छातीत दुखलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ती मधेच थांबली, माझ्या तोंडाकडे बघत.

आमेन म्हणालो नाही. पुढं देव काय म्हणाला, विचारलं.