उत्तनचं मशिन दुपारी कुठे जातं

सोम. ५ फेब्रु. २००७
काल हाटकेश भागातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरवर डेटाबेसचं नवं व्हर्जन चढवलं. आज सकाळी ठीक. दुपारी दोनला मेमरी फुल्ल, रिपोर्ट निघेनात, काउंटरवर कटकट. रीस्टार्ट केलं. मालक मेहतासर नुसते बघत उभे. तेच जास्त लागलं.

मंगळ. ६
आज पावणेतीनला. तेच. नव्या व्हर्जनला शिव्या घालून झाल्या. जुनं बरं होतं असं म्हणायची सोय नाही, बदलू या म्हणून मीच मागे लागलेलो.

बुध. ७
साडेतीन. रोज पाऊण तास उशिरा का?
लॉग वाचत बसलो. लॅबच्या भाईंदरच्या कलेक्शन सेंटरला डेटाची कॉपी नीट जाते. उत्तनच्या सेंटरचं मशिन मात्र दुपारी गायब होतं, ते सकाळी परत येईपर्यंत त्याच्या वाटणीचा सगळा डेटा सर्व्हर मेमरीत धरून बसतो. जुनं व्हर्जन तो डिस्कवर टाकायचं, म्हणून कधी कळलंच नाही.
मेहतासर : "उत्तन निकाल दो. पेशंट है कितने उधर?" शुक्रवारपर्यंत मुदत. उत्तन काढलं की तिथलं सेंटर सांभाळणाऱ्या सिसिलियाबाईंची नोकरीही गेली.

गुरु. ८
सव्वाचारला उत्तन. सेंटरला कुलूप. भरतीबरोबर होड्या लागलेल्या, बाई किनाऱ्यावर, नवऱ्याच्या होडीतली मासळी उतरवतायत. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. इतकी वर्षं भाईंदरला राहून हे डोक्यात येऊ नये...
"होडी आली का सेंटरला कोन पन येत न्हाय. मंग बंद करून जाते. जाताना बंद करा, तुम्हीच शिकवलेलं हाय."
शिकवलेलं. दोन वर्षांपूर्वी, मशिन तापतं म्हणून. लाज वाटली. आता चालू ठेवत जा म्हटलं. बरं म्हणाल्या, हात मासळीतच.

शुक्र. ९
मेहतासरांना खरं सांगितलं, चूक माझी. "आज टिका तो ठीक." नाहीतर संध्याकाळी उत्तन काढायचं, माझ्याच हाताने.
साडेचार. उत्तन चालू.
पाच. चालू.
पाच दहा. गेलं. मेमरी चढतेय. लाइट गेली, की सवयीने बंद केलं? मेहतासर केबिनमधून विचारतायत. दोन मिनिटं थांबा म्हटलं.
उत्तनला फोन लावलाय. रिंग जातेय.