भाऊजींच्या कोटाची डावी बाही

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकणं सोपं जातं, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची तब्येत विचारायचा माझा अधिकार गेलाय, तरी विचारतो.

लेकीच्या लग्नासाठी माझ्याकडे शिवायला टाकलेल्या कोटाची ट्रायल देताना भाऊजी डावी बाही जरा लांब वाटते एवढंच म्हणाले, आणि मी त्यांच्या अंगावरच ती बाही कात्रीनं उतरवून टेबलावर ठेवली. त्यानंतर तुम्ही दुकानाची पायरी चढला नाहीत. बरोबरच केलंत. तुझ्या भावजयीनं मात्र मला धरून राग आवरायच्या वर्गात नेऊन बसवलं. तिथल्या बाई शिकवतात, की भावना उसळली की आधी थांबावं, तिला नावानं ओळखावं, तोंडावर गार पाणी मारावं आणि मनात येईल त्याच्या उलट वागावं. परवा एका गिऱ्हाइकानं पँटला नावं ठेवली. मी थांबलो, हा राग आहे असं मोठ्यानं म्हणालो (मनात म्हणायचं असतं, हे नंतर कळलं) आणि समोर दिसली त्या बादलीत तोंड बुडवलं. ती निघाली खळीची. चेहरा वाळून असा कडक झाला, की उलट वागायचं म्हणून हसायला गेलो तर ओठ हलेनात. गिऱ्हाइकानं पँट उचलून मागच्या मागे पाय काढला. तुझी भावजय हसून लोळत होती. मीही हसलो असतो, पण डोळ्यांसमोर भाऊजी आले, एका बाहीच्या कोटात मुकाट उभे. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतं, ताई.

बाई म्हणतात, पश्चात्ताप झाला की त्यालाही जरा बसू द्यावं, लगेच उसवाउसवी करू नये. मला ते जमलेलं नाही. बाही पुन्हा लावून ठेवलीय.

तुझा,
धाकटा

ता. क. लग्नाचं बोलावणं नसलं तरी चालेल, असं लिहायला तुझ्या भावजयीनं सांगितलंय. मला चालणार नाही.

पुन्हा ता. क. बाही लांब नव्हतीच. दुसरीला लावून पाहिली, एका सुताचाही फरक नाही. आजारपणानंतर भाऊजींचा डावा खांदा उतरलाय. घरचं माणूस म्हणून मी त्यांचं माप न घेता नजरेनंच कापड बेतलं होतं. जन्मभर लोकांचे खांदे बघत आलो, आणि हा एक मला दिसला नाही. त्यांना पाठव. कात्री तुझ्या भावजयीकडे राहील, माझ्या हातात फक्त टेप असेल.