गाठीचे शेपूट

साहेब,

काल लेकीने गव्हाच्या पोत्याचे तोंड बांधायला सांगितले. मी बांधले, आणि आज सकाळी ती बराच वेळ त्या गाठीशी झटत बसली. "बाबा, बांधलं का शिवलं हो हे?" म्हणाली. मी एका बोटाने गाठ सोडली, तर बघतच राहिली. ही गाठ आपल्या कचेरीत दोघांनाच येत होती, आणि त्यातले एक तुम्ही. तुम्हाला जाऊन किती वर्षे झाली याचा हिशेब मी ठेवला नाही. चौथी शिकलेल्या माणसाचे लिहिणे आहे, चुकले तर सांभाळून घ्या. तेवढे तुम्ही नेहमीच घेतले.

आमच्या घरी मोटेचे दोर वळायचे. दुष्काळात विहिरी खोल गेल्या तसे लोक आधी लांब दोर मागू लागले, मग कोणी मागेचना. तेव्हा मी जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलो. दोन लेकरांचा बाप होतो. रेकॉर्डची खोली तुमच्या ताब्यात होती. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद, बहुतेक उर्दूत, चार-पाच गावांचा एक असे लाल कापडात बांधलेले बस्ते. तुम्ही खानदानी माणूस, शेरवानीला कधी सुरकुती नाही. मी मांगवाड्यातला. हेडक्लार्क माझ्या हातून कागद घेत नसत, टेबलाच्या कडेला ठेवायला लावत. तुम्ही पहिल्याच दिवशी हातातून घेतला आणि उलट मलाच रागावलात, "दोन्ही हातानं धर रे, कागद म्हातारा हाय."

मी मुलखाचा भित्रा. संध्याकाळी खोलीला कुलूप लावून फाटकापर्यंत जायचो, परत येऊन ओढून बघायचो, पुन्हा जायचो, पुन्हा यायचो. सगळी कचेरी हसायची. "आलं बघा कुलूप!" हेडक्लार्क म्हणायचे. एकदा तुम्ही पान लावता लावता त्यांना म्हणालात, "हसू नका साहेब. ज्याला घोर हाय, दप्तर त्याच्याच हाती द्यावं. तुमच्यासारख्या बेफिकीर माणसाला तर मी या खोलीचा झाडू बी देनार न्हाई." त्या दिवसापर्यंत माझा घोर हा माझा रोग होता. त्या दिवसापासून तो माझी लायकी झाला. आजही मी गॅस तीनदा बघतो आणि लेक ओरडते, पण मला वाईट वाटत नाही.

मग ती गाठ. मी बस्ता बांधला तो बापाच्या हातची, बादलीला घालतात ती गाठ घालून. तुम्हाला सुटेना. तुम्ही चिडाल म्हणून मी भिंतीला लागलो, तर तुम्ही शेरवानी आवरून माझ्यासमोर गोणपाटावर मांडी घातलीत. "चल उस्ताद, शिकव." तुम्ही समोरून बघून शिकलात, म्हणून तुमची गाठ आरशातल्यासारखी उलटी पडायची. माझ्या गाठीचे शेपूट उजवीकडे, तुमच्या गाठीचे डावीकडे. त्या बदल्यात तुम्ही मला रोज जेवणाच्या सुट्टीत उर्दूची अक्षरे शिकवलीत. वर्षभराने मी गावाचे नाव, शेताची हद्द, मालकाचे नाव वाचू लागलो. उस्ताद ही हाक मात्र तुम्ही शेवटपर्यंत मलाच मारलीत.

जिल्हा फुटून लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा लातूरकडच्या गावांचे बस्ते वेगळे काढून ट्रकने पाठवायचे ठरले. तिकडच्या रेकॉर्ड खोलीला एक जाणता माणूस हवा होता. हेडक्लार्कांचे म्हणणे, मॅट्रिक झालेला पाठवा. तुम्ही माझे नाव धरून बसलात. मी सगळे बस्ते दोनदा तपासले, बरोबर होते. निघायच्या सकाळी जीव राहीना म्हणून तिसऱ्यांदा सोडले, आणि त्याच वेळी चाकूरकडच्या एका गावाचे कागद माझ्या हातून मागेच राहणाऱ्या बस्त्यात गेले.

ट्रकबरोबर तुम्ही आणि हेडक्लार्कही आला होतात. लातूरला नव्या साहेबांसमोर मोजणी झाली. हेडक्लार्कांना गाठ सुटेना, म्हणून त्यांनी बाजूने कापड सरकवून कागद काढले. एक गाव कमी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी सांगितलंच होतं." नव्या साहेबांनी विचारले, "हा बस्ता बांधला कोणी?" शेपूट उजवीकडे होते. तुम्ही ते पाहिले, मीही पाहिले. तुम्ही बस्ता हातात घेतलात आणि सहज फिरवून टेबलावर ठेवलात. शेपूट डावीकडे आले. गावांच्या नावांची चिठ्ठी उलटी झाली, तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. "माझी गाठ हाय, साहेब. माझं शेपूट डावीकडं असतंय. विचारा याला." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "हाव."

तुमच्या निवृत्तीला दोन महिने होते आणि नोकरीभर एक ताशेरा नव्हता. तो त्या दिवशी बसला. दुपारच्या एसटीने तुम्ही परत गेलात, दुसऱ्या दिवशी कागद छातीशी धरून आणलेत. मला बाजूला घेऊन एवढेच म्हणालात, "उस्ताद, दोनदा बघायचं. तिसऱ्यांदा आपण कागद बघत न्हाई, आपली भीती बघतो."

ती खोली मी नीट सांभाळली, साहेब. हे मी छाती पुढे काढून सांगतो. उदगीरपासून लोक यायचे, वकील यायचे, आणि माझ्या हातून पुन्हा एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. मॅट्रिक झालेले मला विचारून वाचायचे.

आता जे लिहायला बसलो ते. तुम्ही लातूरहून परत गेल्यावर मी बस्त्यांची गाठ तुमच्यासारखी, डावीकडे शेपूट सोडून घालायला लागलो. सगळ्यांना वाटले, गुरूची आठवण ठेवली. मीही ते खोडून काढले नाही. पण पहिले वर्षभर ती आठवण नव्हती. जुन्या बस्त्यात अजून एखादी चूक निघाली तर तीही तुमच्याच नावावर जावी, म्हणून मी तसे बांधत होतो. पुढे धास्ती गेली, हाताची सवय राहिली.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवले नसते. दोनदा वाचले आहे. लेकीचे पोते पुन्हा बांधायचे आहे, आज शेपूट उजवीकडे सोडतो.