कमरेतली पट्टी

३ मार्च
आले एकदाची नव्या नोकरीवर! खोली छोटी पण उजेडाची, खिडकीशी टेबल. जाड्या पेशंटला ट्रॉलीवर घेताना कंबर गेली, त्याला पाच महिने झाले. डॉक्टरांनी बजावलंय, वजन उचलायचं नाही. थोरली ताई म्हणते, नर्सिंगला रामराम ठोक, माझ्या शाळेच्या ऑफिसात बस. अकरा वर्षं काय खुर्ची उबवायला घालवली? इथे फक्त आठ खाटा आणि नुसतं ड्रेसिंग. मेट्रन लाघवी आहेत. माझी चाल बघून म्हणाल्या, इथे सगळ्या अशाच येतात.

५ मार्च
आठही बायका जुन्या नर्स. आठहीजणींच्या कमरेत सारखीच जखम. तिच्यात गॉजची लांब पट्टी भरायची आणि दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत काढायची. आत तुकडा राहिला तर सडतं, हे आमच्याकडून पहिल्याच वर्षी घोटून घेतलेलं. पण हा वास! नासलेलं दूध आणि ओलं पायपुसणं. चार नंबरच्या खाटेवरल्या बाईच्या पट्टीला पिवळी तार सुटत होती. ट्रेमध्ये ती थपकन पडली आणि मी बेसिनकडे धावले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ओकले. शी! वॉर्डातल्या मावशी फिदीफिदी हसत होत्या.

८ मार्च
चार नंबरला काल वीतभर पट्टी भरली होती. आज तीन हात निघाली. गरम, बुळबुळीत. मेट्रनना सांगितलं तर म्हणाल्या, नियम माहीत आहे ना, शेवटपर्यंत काढ. बाई मात्र खूश. म्हणते, दुखणं पार गेलं.
माझं दुखणं आज जीव काढतंय. मोजेसुद्धा घालता आले नाहीत. रडले.

१० मार्च
मेट्रनकडून कमरेत चीर घेऊन पट्टी भरून घेतली. हो, सगळं बघूनसुद्धा. मला काम करायचंय, खुर्ची नकोय. तासाभरात दुखणं गायब! भरलेली बादली एका हाताने उचलली. ताईला फोन करून ठणकावलं, मी येत नाही.

१२ मार्च
पाठीला गणवेश चिकटतोय. तो वास आता माझा आहे. माझी पट्टी मीच काढते, ओढली की दुखणं थांबतं. आज पाच हात. ट्रेमध्ये हलली—
चादर बदलायला चार नंबरला उचललं. रिकाम्या अभ्र्याएवढं वजन. आत काहीच नव्हतं. म्हणजे इतके दिवस पट्टी म्हणून मी त्या बाईलाच बाहेर ओढत होते. आणि स्वतःला.

१३ मार्च
रडत ताईला फोन केला. उद्या सकाळी न्यायला येतेय. शाळेचं ऑफिस चालेल, काहीही चालेल. पट्टी काढणार नाही. नाही म्हणजे नाही.

१४ मार्च
कंबर पेटलीय. उभं राहवत नाही. ताई फाटकाशी आलीय, हॉर्न वाजवतेय. तिच्यापर्यंत चालत जाण्यापुरती— वीतभरच ओढते—
शी, काय हे— पांढरं, गाठीगाठींचं, कण्यासारखं—
थांबता येत नाही. आत तुकडा राहिला तर—
डाव्या हाताने ओढतेय, उजव्याने लिहितेय. उजवा खांदा आत बसला. दंड लोंबतोय. आता मनगटातून सरकतंय— बोटं—