सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं

हार्लेम,
२६ सप्टेंबर १९६५

चि. डाउवेस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. यंदाच्या चरपाहणीच्या पंचांत तुझं नाव आलं, हे वाचून मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. ज्या पोराच्या कानामागे बटाटे पिकतील एवढी माती असायची, तो आता गावाचे चर साफ आहेत की नाहीत ते बघणार! बाबा असते तर म्हणाले असते, बोक्याला लोण्याच्या राखणीला बसवलं.

माझं इथे बरं चाललं आहे. शाळेतल्या मुलींना शिवण शिकवते आहे. फक्त या जिन्याने डोकं उठवलं आहे. सगळ्या मजल्यांनी आळीपाळीने जिना पुसायचा असा इथला रिवाज. पण तळमजल्यावरच्या बाईची पाळी आली की हटकून तिची कंबर धरते. परवा मी तिला तोंडावर सांगितलं की बाई, एकाने अंग चोरलं की सगळ्यांच्या पायांना घाण लागते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. न का बोलेना.

आता एक काम. आपला चुलतभाऊ रिन्से कधी ओळ लिहीत नाही, त्याचं परवा चक्क पत्र आलं. त्याच्या लेकीचं, वीत्स्केचं, लग्न तुमच्या पाहणीनंतर लगेच आहे. त्याची पाठ धरली आहे, त्यामुळे त्याच्या वाट्याच्या चरातलं गवत यंदा निघणं कठीण. तुम्ही तिथे चर साफ नसल्याची लाल काठी रोवलीत, तर वऱ्हाड नेमकं त्याच वाटेने येणार. मुलीकडची माणसं आळशी आहेत हे व्याह्यांना काठीच सांगणार. पोरीच्या लग्नात असं नको रे. तेवढा तुकडा आला की जरा आभाळाकडे बघ. एवढ्या मोठ्या शिवारात एका रिन्सेच्या मूठभर गवताने काय समुद्र घरात येणार आहे?

फेन्ना आत्याला नमस्कार सांग. शिवाराच्या अगदी तळाशी, त्या ओलीत ती आणि तिच्या मेंढ्या एकट्या असतात, याचा घोर लागतो. तिला म्हणावं, ऐंशीला टेकलीस, आता चरात उतरू नकोस.

कळावे. लोभ आहेच; तो वाढवायचा असेल तर उत्तर लवकर धाड.

तुझी ताई,
हिस्के


ओस्टरवाल,
२१ नोव्हेंबर १९६५

ती. हिस्केताईस कृ. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नकोस. आधी पाहणी, मग लग्न, मग दोन्हींचं अपचन. पाहणीचा थाट तू विसरली असशील. आम्ही चरांच्या काठाने निघायचं आणि दर दारात थांबायचं. सकाळी कॉफी आणि मसाल्याचा केक, दुपार कलली की जिन. नको म्हटलं तर घरधनीण रुसते, आणि जिचा केक खाल्ला तिच्या नवऱ्याच्या चरात काठी रोवायला हात उचलत नाही. शेवटी काठ्यांचा भारा जसा नेला तसाच परत आणला. गावात असं पूर्वी कधी झालं नव्हतं म्हणे. सगळे खूश आहेत. शाळामास्तर म्हणाले, माणुसकी असलेले पंच पहिल्यांदाच लाभले.

रिन्सेचं काम झालं. त्याची पाठही लग्नात चांगलीच मोकळी झाली. विहीणबाईंना धरून असा नाचला की टेबलावरचे पेले पडले.

आत्याने मात्र आमची हजेरी घेतली. आम्ही पोचलो तर बाई मांडीपर्यंतचे बूट चढवून चरात उभी, हातात गवत ओढायचा आकडा. तिच्या चराचा तळ दिसत होता. तिने सगळ्यांसमोर विचारलं, की काठ्या तेवढ्याच्या तेवढ्या कशा, चष्मे घरी विसरलात की काय? वरची हिरवळ खरवडली म्हणजे चर साफ होत नाही, आत दांडा घालून बघा म्हणाली. शिवारभरचं पाणी तिच्या दाराशी उतरतं आणि आम्हा सगळ्यांच्या चरांतून पंपघराकडे जातं. ते वाटेत अडलं तर तिच्याकडेच मुक्कामाला येणार, हेही तिने ऐकवलं. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली की आजोबांपासून आपल्या चरात काठी लागली नाही, पण तू पंच होताच कुणाच्याच लागली नाही, मोठा पुण्यवान निघालास! सगळे हसले. मीही हसलो.

बाकी क्षेम. लोभाचं माप पूर्वीइतकंच भरलेलं असू दे.

तुझा,
डाउवे


ओस्टरवाल,
१६ जानेवारी १९६६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तार केली नाही, कारण तारेत काय घालावं ते सुचेना. आत्या सुखरूप आहे, हे आधी वाच.

नाताळानंतर बर्फ पडलं, मग एकाएकी उबारा आला आणि पाऊस लागला तो थांबेना. पंप चालू होता, पण पाणी त्याच्यापर्यंत पोचेना. चरांतलं गवत सुटून मोऱ्यांच्या तोंडाशी बसलं होतं. इकडे पंप कोरडा खाकरत होता, तिकडे आत्याच्या घरात पाणी चढत होतं. मी आणि रिन्से होडी घेऊन गेलो. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली होती, मांडीवर मांजर. मेंढ्या गोठ्यातच गेल्या, एकही वाचली नाही. होडीत बसल्यावर तिने एवढंच विचारलं, की कुणाच्या मोरीपाशी अडलं? आम्ही दोघंही वल्ही मारत राहिलो.

आता ती शहरातल्या वृद्धाश्रमात आहे. भिंतींची ओल जाईपर्यंत घरी पाठवणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. ती ओल जाईल असं मला वाटत नाही.

शाळेत सभा झाली. असा पाऊस कुणी पाहिला नव्हता, निसर्गापुढे कुणाचा इलाज नाही, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले.

प्रकृतीला जप. लोभाविषयी पुढे लिहीन.

डाउवे


हार्लेम,
२३ जानेवारी १९६६

चि. डाउवेस आशीर्वाद. अनेक आज सुचत नाहीत.

निसर्गापुढे इलाज नाही? निसर्गाला आकडा घेऊन चरात उतरायला सांगितलं होतं का गावाने? थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसं तुम्ही एकेकाने मूठमूठ गवत ठेवून म्हातारीच्या स्वयंपाकघरात तळं साचवलंत. वर सभा भरवून पावसाला गुन्हेगार ठरवलंत. आपलं ठेवायचं झाकून, ही रीत गावाने बरी शिकून घेतली.

बांध राखायचा नसेल त्याने गाव सोडावं, असं बाबा जेवायला बसताना म्हणायचे. तुझ्याच ताटासमोर म्हणायचे. तुझ्या हातात काठ्यांचा भारा होता, डाउवे. त्या रोवायला नेल्या होत्यास की फिरवून आणायला? केक खाल्ला म्हणून हात उचलेना! एका तरी दारात तुला ताठ उभं राहता आलं नाही? तुमच्यात एकही माणूस नव्हता का?

इथे जिन्यात मी हे सांगितलं तर सगळ्या बायका हळहळल्या. तळमजलेवालीसुद्धा वर आली आणि रडली. अशी कशी माणसं, म्हणाली. माझाच भाऊ आहे, हे सांगताना मान खाली गेली. मला तुझी लाज वाटते, आणि ती तुला कळवावी म्हणून हे पत्र.

आत्याला लोकरीचे मोजे पाठवले आहेत. ते तरी पोचते कर.

हिस्के


ओस्टरवाल,
६ फेब्रुवारी १९६६

ती. ताईस नमस्कार.

मोजे पोचवले. तिला मोठे होतात, पण घालते.

तू विचारलंस, तुमच्यात एकही माणूस नव्हता का. होती की, पुष्कळ होती, आणि प्रत्येकाजवळ चांगलं कारण होतं. देवळाच्या चरासाठी पाद्रीसाहेबांच्या मंडळींनी शब्द टाकला. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला दमा आहे, त्याला चरात कसं उतरवायचं. मास्तरांच्या घरी बाळंतपण होतं. माझा स्वतःचा तुकडा मी तसाच ठेवला, कारण बटाटे काढायचे राहिले होते आणि पंचाच्या चरात कोण वाकून बघतो? रिन्सेसाठी कुणी शब्द टाकला ते तुझ्या लक्षात असेल. नसेल तर मी आठवण करून देणार नाही. ते सप्टेंबरचं पत्र मी शेगडीत घातलं. तुझं अक्षर दिसलं की संताप यायचा, आणि संतापायला मला तोंड नव्हतं.

तुझ्या एकटीवर ढकलत नाही. नाही म्हणायचं काम माझं होतं. पण एवढं ऐक. प्रत्येकाने एकच तुकडा मागितला, ताई. एकाहून जास्त कुणीच मागितला नाही.

माझी लाज वाटते म्हणतेस, ती वाटू दे. लोभ मागत नाही.

डाउवे


वृद्धाश्रमातून,
३० ऑक्टोबर १९६६

चि. हिस्केस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे मोजे धुऊन आटले, आता पायाला बरोबर बसतात. इथे सगळं वेळच्या वेळी मिळतं. वाटाण्याचं सार पातळ असतं, आपल्या गावच्यासारखा त्यात चमचा उभा राहत नाही, त्याला सार म्हणवत नाही, पण मिळतं. खिडकीतून मोटारी दिसतात. पाणी कुठेच दिसत नाही.

डाउवे दर रविवारी येतो. पेपरमिंट आणतो, टोपी कुरवाळत बसतो आणि जातो. या रविवारी आला तेव्हा मान वर करत नव्हता. मग इथे कपडे धुणाऱ्या आपल्या गावच्या मुलीने मला सांगितलं. यंदाची पाहणी फार कडक झाली म्हणे. कुणाकडे कॉफीसुद्धा घेतली नाही, आत दांडे घालून बघितलं. लोकांनी उन्हाळ्यापासूनच गवत काढायला घेतलं होतं. देवळाच्या चरात तोंड बघून घ्यावं इतका तो स्वच्छ आहे. अख्ख्या गावात एकच लाल काठी लागली. ती माझ्या चरात.

पंचांचं चुकलं नाही. घर बंद आहे, तिकडे कुणी फिरकलं नाही, गवत वाढणारच. मी पंच असते तर मीही रोवली असती. पण हिस्के, तुझ्या आजोबांपासून आपल्या चरात काठी नव्हती गं. इथल्या बायकांना हे सांगून कळायचं नाही, म्हणून तुला लिहिलं.

आकडा मागच्या खोलीत खुंटीला आहे. बूटही तिथेच आहेत. तुला काही कर म्हणून लिहीत नाही, आपलं माहीत असावं.

म्हातारीवर माया असू दे.

तुझी आत्या,
फेन्ना


हार्लेम,
२ नोव्हेंबर १९६६

चि. डाउवेस आशीर्वाद.

आत्याचं पत्र आलं. यंदाही तू पंच आहेस, म्हणजे काठी रोवली तेव्हा तू तिथे होतास. तू रोवलीस की दुसऱ्याने, ते विचारत नाही. गावाला शिस्त लागली म्हणे. छान झालं. सगळ्यांचे चर साफ, सगळ्यांची मनं साफ, आणि काठी तेवढी तिच्या दारात, जिने जन्मभर कुणाचं पाणी अडवलं नाही. तिच्या चरात उतरावं, असं तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. प्रत्येकाला आपापला तुकडा होता ना.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. जिना पुसत राहिले, तळमजलेवालीच्या पाळीलासुद्धा. ती म्हणाली, हिस्केबाई, तुम्ही किती चांगल्या. मी बादली तिथेच टाकून घरात आले.

शनिवारच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नकोस. आत्याच्या चरापाशी ये, बूट घालून ये, आणि रिन्सेला त्याच्या पाठीसकट घेऊन ये. आत्या आता त्या घरात परत जाणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. रिकाम्या घरापुढचा चर साफ करून कुणाचं काय भलं होणार, असं म्हणशील. कुणाचंच नाही. तरी तिला सांगता येईल की काठी निघाली.

आणि ती काठी मी येईपर्यंत कुणी उपटू नये. चर साफ झाला की मीच उपटीन आणि हार्लेमला आणीन. इथे जिन्यात माझ्या दाराशी उभी करणार आहे. कुणी विचारलं की ही कसली, तर सगळं सांगेन, पहिल्या पत्रापासून. मला चर नाही, म्हणून इतके दिवस माझ्या दारात कुणी ती रोवली नाही, एवढंच.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. बूट विसरू नकोस.

हिस्के